पदवीधरांच्या नोकरीचा प्रश्न : वशिला नसलेल्यांनी काय करावे?

पदवीदान समारंभात काळा झगा घालून काढलेला फोटो आज आपल्या वस्त्यांतील कितीतरी घरांच्या भिंतीवर दिसतो. ज्या घरात आजोबा कागदावर अंगठा उठवीत होते, त्या घरातील नात एम.कॉम. झाली आहे, नातू इंजिनिअर झाला आहे. बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लावलेल्या या फोटोचा आईबापांना अभिमान वाटतो आणि तो वाटलाच पाहिजे. परंतु फोटो भिंतीवर लागला, पुढे काय? एक वर्ष जाते, दोन जातात, पाच जातात. शेजारीपाजारी विचारू लागतात, "काय करतो मुलगा?" बाप उत्तर देतो, "अभ्यास करतोय." हा अभ्यास कधी संपणार आणि संपला तर पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर त्या घरात कोणाजवळच नसते. आम्ही आज याच प्रश्नावर लिहीत आहोत. ज्याच्या मामा-काकांची कंपनीत ओळख आहे, ज्याच्या वडिलांचे मित्र संचालक आहेत, त्याला हा लेख वाचण्याची गरज नाही. ज्याचा कोणताही वशिला नाही, त्या पदवीधरासाठी आणि त्याच्या समाजासाठी हा लेख आहे.

प्रथम प्रश्न किती मोठा आहे ते पाहू. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ साली भारतातील रोजगाराविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. या अहवालानुसार २०२२ साली देशातील तरुण पदवीधरांमध्ये बेकारीचे प्रमाण २९.१ टक्के होते. ज्यांना लिहितावाचता येत नाही अशा तरुणांमध्ये हेच प्रमाण केवळ ३.४ टक्के होते. याचा अर्थ शिक्षण वाया गेले असा कोणी काढील तर तो खोडसाळपणा होईल. निरक्षर माणसाला बेकार राहणे परवडतच नाही. तो मिळेल ती हमाली करतो, बिगारी करतो आणि सरकारी तक्त्यात तो 'रोजगार असलेला' म्हणून नोंदला जातो. पदवीधर मात्र आपल्या शिक्षणाला साजेसे काम मिळेपर्यंत थांबतो. प्रश्न असा आहे की थांबायचे कोणाच्या जिवावर? ज्याच्या बापाला पेन्शन आहे, शहरात स्वतःचे घर आहे, तो पाच वर्षे थांबू शकतो. ज्याची आई धुणीभांडी करते आणि बाप वॉचमन आहे, त्याने किती दिवस थांबायचे? बेकारी दोघांचीही असली तरी तिची किंमत दोघांसाठी सारखी नसते.

बेकाराला काम शोधून देणे ही शासनाची जबाबदारी आहे, हा विचार या देशात रुजला त्यात बाबासाहेबांचा मोठा वाटा आहे, हे आपल्या तरुणांना सांगितले पाहिजे. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत १९४३ साली अस्पृश्यांसाठी केंद्राच्या नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या. १९४४ साली मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती सुरू झाली. १९४५ साली, दुसरे महायुद्ध संपत आले असता, सैन्यातून मोकळ्या होणाऱ्या लोकांना काम मिळावे म्हणून मजूर खात्याखाली एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज उघडण्यात आली. पुढे ती सर्वांसाठी खुली झाली. १९५९ साली कायदा झाला आणि २५ किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या खाजगी आस्थापनांनाही रिकाम्या जागा या कार्यालयाला कळविणे बंधनकारक झाले.

मग हे कार्यालय निकामी का झाले? कायद्याने जागा कळविण्याची सक्ती केली, पण तिथूनच माणूस घेण्याची सक्ती केली नाही. सुप्रीम कोर्टाने १९८७ साली हे स्पष्टही केले. १९९६ साली कोर्टाने असेही सांगितले की केवळ कार्यालयाकडून नावे मागविणे पुरेसे नाही, वर्तमानपत्रात जाहिरात देऊन इतरांनाही संधी दिली पाहिजे. निर्णय तत्त्वतः योग्य होता. परंतु त्यानंतर या कार्यालयाकडे पाहण्याचे शासनाने जवळपास सोडूनच दिले. नोंदणीचे कार्ड काढायचे, तीन वर्षांनी नूतनीकरण करायचे आणि कॉल येण्याची वाट पाहत म्हातारे व्हायचे, हा अनुभव एका अख्ख्या पिढीने घेतला. २०१५ साली केंद्राने नॅशनल करिअर सर्व्हिसचे पोर्टल सुरू केले, महाराष्ट्राने महास्वयम् सुरू केले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत १९५९ चा कायदा विलीन झाला आणि एक्स्चेंजचे नाव 'करिअर सेंटर' झाले. नाव बदलले, कार्ड मोबाईलवर आले. परंतु गावातल्या पदवीधरासमोर बसून "तू काय शिकलास, तुला काय जमते, तुझ्यासाठी कोठे जागा आहे" असे विचारणारा माणूस काही तिथे बसला नाही. नोंदणी फुकट आहे, ती प्रत्येकाने जरूर करावी. मात्र त्यावर विसंबून राहू नये.

दुसरा दरवाजा सरकारी नोकरीचा. १९९१ पासून देशात खाजगीकरण, उदारीकरण आणि जागतिकीकरणाचे, म्हणजे 'खाउजा'चे धोरण आले आणि हा दरवाजा हळूहळू लोटला जाऊ लागला. आरक्षण रद्द करण्याची भाषा उघडपणे कोणी करीत नाही. आरक्षण ज्या जागांवर लागू होते त्या जागाच कमी केल्या की काम भागते! सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने नऊ खाजगी एजन्सींमार्फत कंत्राटी भरती करण्याचा निर्णय काढला. राज्यभर विद्यार्थी रस्त्यावर आले आणि ऑक्टोबरमध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रात ४५ वरिष्ठ पदे 'लॅटरल एंट्री'ने, म्हणजे आरक्षणाविना, थेट भरण्याची जाहिरात निघाली. ओरड झाल्यावर तीन दिवसांत तीही मागे घेण्यात आली. लढले की मागे हटावे लागते, हा या दोन्ही घटनांचा धडा आहे. परंतु मागे घेतलेला निर्णय वेगळ्या नावाने पुन्हा येतो, हाही आपला अनुभव आहे. कंत्राटावर लागलेला तरुण वर्षानुवर्षे काम करतो आणि कायम करण्याची मागणी केली की त्याच्यापुढे सुप्रीम कोर्टाचा २००६ चा उमादेवी निकाल ठेवला जातो. २०२४ साली राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. पदवीधराला महिना १० हजार रुपये विद्यावेतन, तेही आधी सहा महिन्यांपुरते, पुढे थोडी मुदतवाढ. प्रशिक्षण संपल्यावर त्या तरुणाच्या हातात प्रमाणपत्र उरले. नोकरी कोठे आहे?

आणि ज्या थोड्या जागा निघतात त्यांच्यावर किती जण तुटून पडतात? २०२३ च्या तलाठी भरतीत सुमारे साडेचार हजार जागांसाठी १० लाखांहून अधिक अर्ज आले. खुल्या प्रवर्गाला १००० रुपये आणि राखीव प्रवर्गाला ९०० रुपये फी होती. एका जागेमागे दोनशेच्यावर उमेदवार! म्हणजे उत्तम अभ्यास केलेल्या उमेदवारांपैकीही बहुतेक जण बाहेर राहणार, हे परीक्षा होण्यापूर्वीच ठरलेले असते. नापास झालेला तरुण मात्र दोष स्वतःला देतो. त्याला आम्ही सांगू इच्छितो की, बाबा रे, हा तुझ्या बुद्धीचा नव्हे, जागांच्या संख्येचा प्रश्न आहे.

तिसरा दरवाजा खाजगी क्षेत्राचा. तिथे म्हणे जात पाहत नाहीत, फक्त 'मेरिट' पाहतात! हे खरे की खोटे याचा शोध डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी घेतला. त्यांचे संशोधन ऑक्टोबर २००७ च्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाले. वर्तमानपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठविले. शिक्षण सारखे, पात्रता सारखी, फरक फक्त अर्जदाराच्या नावाचा. एक नाव उच्चवर्णीय, एक दलित, एक मुस्लिम. परिणाम काय झाला? उच्चवर्णीय नावाला मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता एक धरली, तर संख्याशास्त्राच्या हिशेबाने दलित नावाची शक्यता ०.६७ आणि मुस्लिम नावाची ०.३३ भरली. अर्जदाराचा चेहरा कोणी पाहिला नव्हता, त्याचे इंग्रजी ऐकले नव्हते. केवळ आडनाव वाचून कागद बाजूला पडत होता.

त्याच अंकात सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी कंपन्यांच्या भरती अधिकाऱ्यांच्या मुलाखतींवर लेख लिहिला होता. हे अधिकारी जातीचे नाव घेत नाहीत. ते उमेदवाराची 'कौटुंबिक पार्श्वभूमी' विचारतात. वडील काय करतात? घरात कोण किती शिकले? कोठून आलात? अश्विनी देशपांडे आणि न्यूमन यांनी विद्यापीठातील दलित आणि दलितेतर विद्यार्थ्यांना नोकरी शोधतानाचे अनुभव विचारले, तेव्हा हाच प्रश्न दलित विद्यार्थ्यांना सर्वांत जास्त अडचणीचा वाटत होता असे दिसून आले. उच्चवर्णीय मुलाला हा प्रश्न म्हणजे गप्पांची सुरुवात वाटतो. आपल्या मुलाला मात्र तो तपासणी नाक्यासारखा वाटतो. खाजगी क्षेत्रात आरक्षण असावे ही मागणी २००४ नंतर जोरात पुढे आली, तेव्हा उद्योगपतींनी स्वेच्छेने 'अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शन' करू असे सांगून ती टोलवली. स्वेच्छेने कोणी आपली जागा सोडल्याचे इतिहासात उदाहरण नाही.

या साऱ्यातून निराश होऊन घरी बसायचे काय? मुळीच नाही. खेळाचे नियम आपल्या बाजूचे नसतील तर ते आधी माहीत तरी असले पाहिजेत. 'कौटुंबिक पार्श्वभूमी' विचारली जाणार हे माहीत असेल तर उत्तर घरून तयार करून जाता येते. "माझे वडील बांधकामावर मजूर आहेत. मी घरातील पहिला पदवीधर आहे. शिकत असताना तीन वर्षे संध्याकाळी दुकानात काम केले, हिशेब सांभाळला." हे उत्तर खाली मान घालून द्यायचे की डोळ्याला डोळा भिडवून, एवढाच प्रश्न आहे. ज्याने वस्तीतल्या एका खोलीत सहा माणसांच्या गलक्यात अभ्यास करून पदवी घेतली, त्याने जबाबदारी, चिकाटी आणि वेळेचा हिशेब यांची परीक्षा केव्हाच पास केलेली असते. ते त्याने बोलून दाखविले पाहिजे. आपली मुले हे बोलतच नाहीत. अर्जात पदवी आणि टक्केवारी लिहितात आणि थांबतात. जयंतीच्या कार्यक्रमाचे दोन लाखांचे नियोजन केले, वर्गणीचा हिशेब चोख ठेवला, वाचनालय चालविले, महापुरात मदत केंद्र सांभाळले, हे सारे अनुभव आहेत आणि ते कागदावर आले पाहिजेत. मात्र न केलेले काम, न घेतलेला अनुभव लिहू नये. एक खोटे पकडले गेले की पुढचे सगळे खरेही खोटे ठरते.

आता मार्ग बदलण्याविषयी. आपल्या समाजात मार्ग बदलणे म्हणजे हरणे असा एक समज झाला आहे. एम.पी.एस.सी. सोडली म्हणजे मुलगा वाया गेला असे नातेवाईक बोलतात. या लोकांनी बाबासाहेबांचे चरित्र पुन्हा वाचावे. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेलेले बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठाची पदवी घेऊन करारानुसार सप्टेंबर १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. तिथे शिपाई फायली लांबून टेबलावर फेकीत. राहायला घर मिळेना, पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. नोकरी सोडून ते मुंबईला परतले. मग त्यांनी काय केले? शिकवण्या घेतल्या. शेअर बाजारातील व्यवहारांविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि तो बंद पडला. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथे पैसे साठविले, १९२० साली ती नोकरीही सोडली आणि अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी लंडन गाठले. १९२३ साली बॅरिस्टर होऊन परतल्यावर हायकोर्टात वकिली सुरू केली, पण सॉलिसिटर कामे देईनात. तेव्हा १९२५ पासून ते एका अकाउंटन्सी शिकविणाऱ्या संस्थेत मर्कंटाईल लॉ शिकवू लागले. १९२८ साली सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक झाले आणि १९३५ साली त्याच कॉलेजचे प्राचार्य.

हिशेब करा. बडोदा सोडल्यापासून दहा-अकरा वर्षांत त्यांनी किती कामे धरली आणि सोडली! पण एक गोष्ट त्यांनी सोडली नाही. हातातले प्रत्येक काम त्यांनी पुढच्या कामाची शिदोरी म्हणून वापरले. सिडनहॅमच्या पगारातून लंडन झाले, लंडनच्या पदवीतून वकिली झाली, वकिली चालेना तेव्हा कायद्याच्या ज्ञानातून शिकविणे झाले. मार्ग बदलला, ध्येय बदलले नाही. आमच्या मते 'करिअर बदल' या शब्दाचा याहून चांगला धडा कोणत्याही व्यवस्थापनाच्या पुस्तकात मिळणार नाही.

शिवाय आपल्यासाठी काम बदलणे हा केवळ पोटाचा प्रश्न कधीच नव्हता. जातिव्यवस्थेने जन्मतःच धंदा ठरवून दिला आणि तो बदलण्याला बंदी केली. १९३६ साली 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात बाबासाहेबांनी दाखवून दिले की, काळ बदलला तरी माणसाला धंदा बदलू न देणारी जात हे देशातील बेकारीचेही एक थेट कारण आहे. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध बिल आणले, ते गावकीच्या वेठीतून माणूस सुटावा आणि त्याला दुसरे काम धरता यावे म्हणूनच. ते वतन कायद्याने जायला १९५८ साल उजाडले. म्हणजे एका कामातून सुटून दुसरे काम धरण्यासाठी आपल्या पूर्वजांना तीस वर्षे लढावे लागले. आज त्यांचा नातू 'एकच परीक्षा, एकच खुर्ची' असे वतन स्वतःहून गळ्यात बांधून घेत असेल तर त्याला काय म्हणावे?

एम.पी.एस.सी.ला खुल्या प्रवर्गासाठी वयाची मर्यादा ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ आहे. यू.पी.एस.सी.ला अनुसूचित जातीच्या उमेदवाराला ३७ पर्यंत बसता येते. ही सवलत उशिरा शिकायला मिळालेल्यांसाठी आहे आणि ती आपला हक्क आहे. परंतु सवलत ४३ ची आहे म्हणून पुण्यात खोली घेऊन ४३ पर्यंत बसलेच पाहिजे असे कोठे लिहिले आहे? आमची सूचना अशी की अभ्यास सुरू करतानाच आईवडिलांसोबत बसून किती वर्षे आणि किती पैसे द्यायचे हे ठरवावे. दोन किंवा तीन पूर्ण प्रयत्न द्यावेत. मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचत असाल तर पुढे विचार करावा. सलग तीनदा पूर्वपरीक्षेतच अडकत असाल तर काम धरून उरलेल्या वेळात अभ्यास करावा. वय तर पुढेही आहेच! काम करीत परीक्षा देणारे उमेदवार दरवर्षी यशस्वी होतात.

अभ्यासात गेलेली वर्षे वाया गेली असेही मानू नये. ज्याने पाच वर्षे राज्यघटना, पंचायत राज, अर्थव्यवस्था आणि चालू घडामोडी वाचल्या त्याच्याजवळ भांडवल आहे, फक्त ते कोठे खपते हे शोधले पाहिजे. कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांची एल.एल.बी. करता येते आणि घटनेचा अभ्यास झालेल्याला ती जड जात नाही. तालुक्याच्या कोर्टात जमीन, वारस, अ‍ॅट्रॉसिटीची प्रकरणे घेऊन उभा राहणारा आपला वकील आजही शोधावा लागतो. बँका, विमा कंपन्या, पतसंस्था, सामाजिक संस्थांचे प्रकल्प, वर्तमानपत्रे, भाषांतर, शिकवणी वर्ग, ग्रामपंचायतींची कागदपत्रांची कामे, अशा कितीतरी ठिकाणी हे ज्ञान चालते. इंजिनिअरिंग आणि इतर पदवीधरांनी शिकाऊ उमेदवारीचा विचार करावा. १९६१ च्या कायद्यात १९७३ साली पदवीधरांचाही समावेश झाला. पदवी ताजी असतानाच हा मार्ग धरावा, पुढे तो बंद होतो. विद्यावेतन थोडे असते, पण कंपनीत काम केल्याचा कागद हातात पडतो आणि आडनावावर अडणारा पुढचा अर्ज अनुभवाच्या जोरावर थोडा तरी पुढे सरकतो.

नेट-सेट, पीएच.डी. होऊन तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्यांची व्यथा वेगळीच आहे. वर्षातले काही महिने मानधन, तेही उशिरा आणि कायम जागेसाठी कोठेकोठे पडद्याआड बोली लागते हे आता गुपित राहिलेले नाही. त्यांनी रिक्त पदांसाठी लढावे, आम्ही त्यांच्यासोबत आहोत. मात्र लढतानाच संशोधन संस्था, पाठ्यपुस्तक लेखन, सर्वेक्षणाचे काम असा दुसरा पाय जमिनीवर ठेवावा. एका पायावर उभा राहून दीर्घ लढाई लढता येत नाही.

मुलींचा प्रश्न याहून बिकट आहे. मुलाला पाच वर्षे थांबता येते, मुलीला 'यंदा नाही तर स्थळ पाहू' असे सांगितले जाते. लग्न, बाळंतपण यांत चार-सहा वर्षे गेली की तिची पदवी ट्रंकेत जाते. ज्या समाजाने सावित्रीबाईंना आई मानले त्या समाजात हे घडू नये. लग्नानंतर पुन्हा काम शोधणाऱ्या स्त्रीला अर्ज भरून देणे, चार दिवस मूल सांभाळणे, मुलाखतीला सोबत जाणे हे नवऱ्याचे आणि सासूचे काम आहे. त्याला उपकार म्हणू नये.

कागदपत्रांविषयी दोन शब्द. निवड होऊनही जात वैधता प्रमाणपत्राअभावी नोकरी हातची जाते, असे प्रकार थांबत नाहीत. जाहिरात निघाल्यावर धावपळ करण्याऐवजी पदवीच्या काळातच वडिलांचा, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गावची जुनी महसुली नोंद मिळवून ठेवावी. महाराष्ट्रात अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. घरात एका कागदावर 'महार' आणि दुसऱ्यावर 'बौद्ध' अशी नोंद असेल तर तो घोळ आजच निस्तरावा. केंद्राच्या नोकरीसाठी दाखल्याचा नमुना वेगळा असतो, तोही काढून ठेवावा.

आणि एक सावधगिरी. 'रेल्वेत लावतो, मंत्रालयात साहेब ओळखीचे आहेत' असे सांगून लाखो रुपये उकळणाऱ्या टोळ्या आपल्या वस्त्यांत फिरत असतात. त्यांचे दलाल पुष्कळदा आपल्याच नात्यातले असतात. लोक जमीन विकतात, दागिने मोडतात आणि हातात बनावट नेमणूकपत्र पडते. खरी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. सरकार परीक्षेची फी घेते, तीही पावतीवर. परदेशी नोकरीसाठी एजंट केंद्राकडे नोंदलेला आहे काय हे पाहावे. नोकरीसाठी पैसे मागणाऱ्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवावे.

इथपर्यंत आम्ही तरुणांशी बोललो. आता नोकरीत असलेल्या समाजबांधवांशी बोलायचे आहे. उच्चवर्णीय मुलाला नोकरी लागते ती केवळ हुशारीवर नव्हे. कोठे जागा निघाली, कोणाला भेटायचे, काय विचारतात, हे त्याला जेवणाच्या ताटावर कळते. आपल्या मुलाला तेच कळायला वर्षे जातात. ही माहिती आज आपल्यातील हजारो अधिकारी, बँक कर्मचारी, इंजिनिअर, प्राध्यापक, उद्योजक यांच्याजवळ आहे. मग ती वस्तीपर्यंत का पोहोचत नाही? १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाविषयी जी खंत व्यक्त केली ती आपण दरवर्षी भाषणात सांगतो. आणि भाषण संपले की कॉलनीत परत जातो!

उत्पन्नाचा विसावा भाग समाजाला द्यावा ही शिकवण आपल्याला पाठ आहे. आम्ही वेळेचा विसावा भाग मागतो. आठवड्यात ४० तास नोकरी करणाऱ्याचा विसावा भाग म्हणजे दोन तास होतात. प्रत्येक शहरात, तालुक्यात रविवारी सकाळी वंदना झाल्यावर बुद्धविहारात दोन तास नोकरी मार्गदर्शन केंद्र चालवावे. त्यासाठी इमारत लागत नाही, देणगी लागत नाही. एक फळा, एक संगणक आणि चार माणसे पुरेत. फळ्यावर त्या आठवड्याच्या जाहिराती आणि शेवटच्या तारखा लिहाव्यात. एकाने अर्ज तपासून द्यावेत. एकाने खोटी मुलाखत घ्यावी, तीत 'वडील काय करतात' हा प्रश्न हटकून विचारावा आणि उत्तराची सवय करून घ्यावी. एकाने वैधतेची कागदपत्रे पाहावीत. चौथ्याने वहीत नोंद ठेवावी की कोण आले, कोठे अर्ज केला, काय झाले. नोकरी लागलेल्याने पुढच्या वर्षी त्याच केंद्रात येऊन बसावे एवढीच फी. मुलाखतीला मुंबई-पुण्याला जाणाऱ्या मुलाला दोन रात्री आपल्या घरी झोपायला जागा देणे हीसुद्धा मोठी मदत आहे. जयंतीच्या डी.जे.वर खर्च होणाऱ्या रकमेतील थोडा भाग प्रवासभाड्याच्या निधीत टाकला तरी तो वर्षभर पुरेल.

हे केंद्र शासनाला पर्याय नाही, हेही आम्ही स्पष्ट करतो. रिक्त पदे आणि अनुशेष भरा, कंत्राटी नेमणुकांतही आरक्षण पाळा, खाजगी क्षेत्रात भेदभावविरोधी कायदा आणि आरक्षण आणा, बार्टीचे प्रशिक्षण जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचवा आणि सेवायोजन कार्यालयात प्रत्यक्ष बोलणारा समुपदेशक बसवा, या मागण्यांसाठी रस्त्यावर उतरलेच पाहिजे. परंतु मोर्चा महिन्यातून एकदा निघतो, अर्जाची शेवटची तारीख रोज असते. शिका, संघटित व्हा आणि संघर्ष करा या तीन शब्दांतला पहिला शब्द आपल्या तरुणांनी पुरा केला आहे. त्यांच्या हातातली पदवी त्याची साक्ष आहे. दुसरा शब्द पुरा करण्याची पाळी आता नोकरीत बसलेल्यांची आहे. येत्या रविवारी विहाराचे दार दोन तास जास्त उघडे ठेवा आणि तिथे जाऊन बसा.

जयभीम!